सतरा वादक, एक हिरवळ आणि 'फुकट' कॉन्सर्टचं बिल

हेडफोन लावलेत? की आज ऐकण्याऐवजी वाचताय? काहीही चालेल. बऱ्याच जणांना लोकलमध्ये ऐकू येत नाही, नाहीतर डेटा संपलेला असतो, म्हणून प्रत्येक एपिसोड आपण असा लिहूनही टाकतो. बोलताना मी जे 'अं… म्हणजे…' करतो तेवढं काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय आहे उन्हाळ्यातली, उघड्यावरची, तिकीट नसलेली एक कॉन्सर्ट. आणि त्यात वाजणारं संगीत आहे बिग बँड जॅझ.

'जॅझ म्हणजे महागड्या हॉटेलात सूटबूट घालून ऐकायचं काहीतरी' असं डोक्यात असेल, तर ते आधी बाजूला ठेवा. कारण आज आपण जातोय शिकागोला, एका बागेत. तिथे लोक चटई टाकून, डबा उघडून, पोरांना हिरवळीवर मोकळं सोडून जॅझ ऐकतात. एक पैसा न देता.

आता प्रश्न असा, की स्टेजवर सतरा माणसं वाजवतायत आणि समोर बसलेल्यांपैकी कोणीच तिकीट काढलेलं नाही, तर त्या सतरा जणांचे पैसे देतं कोण? या एका प्रश्नाच्या मागे मागे गेलं की सिनेमा, संप, रेकॉर्ड कंपन्या, आपलं ताज हॉटेल आणि गोव्याचे वादक, सगळे भेटतात. चला.

आधी जागा बघू

शिकागो शहर मिशिगन नावाच्या सरोवराच्या काठावर आहे. सरोवर म्हणजे केवढं, तर पलीकडचा काठ दिसतच नाही, समुद्रच वाटतो. त्या काठाला लागून ग्रँट पार्क ही मोठी बाग आहे आणि तिच्याच एका कोपऱ्यात मिलेनियम पार्क. ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा पहिला आठवडा, म्हणजे तिकडचा उन्हाळा संपत आला की इथे शिकागो जॅझ फेस्टिव्हल भरतो. काही दिवस चालतो आणि सगळं मोफत.

मिलेनियम पार्कमधल्या मोठ्या स्टेजचं नाव प्रिट्झकर पॅव्हिलियन. २००४ साली ते उघडलं. फ्रँक गेहरी या वास्तुविशारदाने ते बांधलं. समोर सुमारे ४,००० पक्क्या खुर्च्या आणि त्यामागे हिरवळीवर आणखी ७,००० लोक बसू शकतात. हिरवळीवर डोक्यावर स्टीलच्या नळ्यांची एक प्रचंड जाळी आहे, मांडवासारखी, पण छत नसलेली. आकाश दिसत राहतं. त्या जाळीला स्पीकर टांगलेत.

आता यातली गंमत ऐका. आवाजाला प्रवास करायला वेळ लागतो, सेकंदाला साधारण ३४० मीटर. म्हणजे स्टेजवरचा आवाज मागे शंभर मीटरवर पोचायला पाव सेकंदाहून जास्त वेळ लागतो. पण वायरमधून सिग्नल तर लगेच पोचतो. मग मागच्या स्पीकरमधून आवाज आधी आणि स्टेजवरून नंतर, असा सगळा घोळ होईल. म्हणून मागचे स्पीकर मुद्दाम किंचित उशिरा वाजवतात. त्यामुळे शेवटच्या चटईवर बसलेल्यालाही वाटतं की आवाज स्टेजकडूनच येतोय. आपल्याकडे मोठ्या मैदानावरच्या कार्यक्रमात मागे बसून तुम्ही 'डबल' आवाज ऐकला असेल, तर तिथे हेच चुकलेलं असतं.

बिग बँड म्हणजे नक्की किती 'बिग'?

ठरलेला आकडा असा नाही, पण बहुतेक वेळा सतरा. पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन. आणि चार जणांचा ताल विभाग: पियानो, गिटार, डबल बेस आणि ड्रम्स.

ट्रम्पेट तर लग्नाच्या वरातीत पाहिलाच असेल. ट्रॉम्बोन म्हणजे ज्याची नळी पुढे-मागे सरकवतात तो. डबल बेस म्हणजे माणसाएवढं उंच व्हायोलिन समजा, बहुतेक वेळा बोटांनी छेडतात.

इतके लोक का? अगदी साधं कारण. १९२० आणि ३० च्या दशकात लोक जॅझवर नाचायचे. मोठमोठे डान्स हॉल होते, हजारो लोक, पायांचा आवाज, गप्पांचा आवाज. आजच्यासारखी साउंड सिस्टिम नव्हती. हॉलच्या टोकापर्यंत आवाज पोचवायचा तर पितळी वाद्यं वाढवा! ढोल-ताशा पथकात वीस ढोल का असतात, तेच उत्तर.

पण माणसं वाढली की भानगडही वाढते. चार जण असतील तर डोळ्यांनी खुणा करून वाजवता येतं. सतरा जणांनी मनाला येईल ते वाजवलं तर नुसता गोंगाट. म्हणून कोणीतरी आधी बसून लिहायला लागतं, की सॅक्सोफोन इथे, ट्रम्पेट तिथे. याला अरेंजमेंट म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये फ्लेचर हेंडरसन यांच्या बँडमध्ये, डॉन रेडमन या अरेंजरने १९२० च्या दशकात याची घडी बसवली. पितळी वाद्यं एका बाजूला, सॅक्सोफोन दुसऱ्या बाजूला. एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं.

ओळखीचं वाटतंय ना? तमाशातला सवाल-जवाब आठवा. किंवा भजनात बुवा ओळ म्हणतात आणि टाळकरी मागून झेलतात. फरक इतकाच, की इथे सवाल आणि जवाब दोन्ही वाद्यांचे. मध्येच एक जण उठून उभा राहतो आणि एकटा वाजवतो, तो सोलो. ते मात्र लिहिलेलं नसतं, तिथल्या तिथे सुचलेलं असतं. मागे बाकीचे एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत त्याला आधार देतात. त्या तुकड्याला रिफ म्हणतात.

म्हणजे एकाच वेळी शिस्त आणि मोकळीक. बिग बँडची मजा यातच आहे.

मग शिकागोच का?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडून लाखो कृष्णवर्णीय माणसं उत्तरेच्या शहरांत आली. कामासाठी, आणि दक्षिणेतल्या जाचापासून सुटका म्हणून. त्यांच्याबरोबर न्यू ऑर्लिन्सचं जॅझ शिकागोत आलं. लुई आर्मस्ट्राँग १९२२ मध्ये इथेच येऊन किंग ऑलिव्हर यांच्या बँडमध्ये सामील झाले. पुढे 'किंग ऑफ स्विंग' म्हणून गाजलेले बेनी गुडमन तर शिकागोतच जन्मले, १९०९ मध्ये, एका गरीब ज्यू कुटुंबात. लहानपणी एका सिनेगॉगमध्ये आणि मग हल हाउस या समाजसेवी संस्थेच्या मुलांच्या बँडमध्ये ते क्लॅरिनेट शिकले.

त्या काळात वादकांना काम देणारी एक मोठी जागा होती सिनेमा थिएटर. सिनेमे मूक होते ना! पडद्यावर चित्र आणि खाली खड्ड्यात बसून ऑर्केस्ट्रा वाजवणार. शिकागोच्या व्हेन्डोम थिएटरमध्ये अर्स्किन टेट यांचा ऑर्केस्ट्रा होता, त्यात आर्मस्ट्राँगही वाजवायचे. आणि पियानोवर होते टेडी वेदरफोर्ड. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९२७ नंतर बोलपट आले. थिएटरवाल्यांना ऑर्केस्ट्रा लागेना. त्यात १९२९ ची महामंदी. हजारो वादक घरी बसले.

पेट्रिलो नावाचा माणूस

आता आपल्या गोष्टीतला मुख्य माणूस. जेम्स पेट्रिलो. शिकागोचा, स्वतः ट्रम्पेट वाजवायचा, पण नाव झालं ते वादकांच्या युनियनचा नेता म्हणून. त्याचं म्हणणं असं, की लोकांकडे तिकिटाला पैसे नाहीत, वादकांकडे काम नाही आणि शहराकडे मोकळी बाग आहे. मग तिन्ही एकत्र आणा. १ जुलै १९३५ पासून ग्रँट पार्कमध्ये उन्हाळी मोफत कॉन्सर्ट सुरू झाल्या, बागखातं आणि युनियन यांच्या जोडीने. त्या शास्त्रीय पाश्चात्त्य संगीताच्या होत्या आणि आजही चालू आहेत.

इथे एक शब्द नीट पकडा. मोफत ते ऐकणाऱ्याला. वाजवणाऱ्याला पैसे मिळत होते. किंबहुना वाजवणाऱ्याला पैसे मिळावेत म्हणूनच ते मोफत ठेवलेलं होतं!

पण चित्र एकदम गुळगुळीत नको. शिकागोत तेव्हा वादकांच्या युनियन दोन होत्या. गोऱ्यांची वेगळी, ती पेट्रिलोची, आणि कृष्णवर्णीयांची वेगळी. ज्यांनी हे संगीत शहरात आणलं, त्यांना त्याच शहराच्या मुख्य युनियनमध्ये जागा नव्हती. दोन्ही एकत्र व्हायला १९६६ उजाडलं.

रेकॉर्डिंग बंद!

१९४० मध्ये पेट्रिलो अख्ख्या अमेरिकेच्या वादक युनियनचा अध्यक्ष झाला. आणि १ ऑगस्ट १९४२ पासून त्याने जाहीर केलं, की युनियनचा एकही वादक रेकॉर्ड कंपनीसाठी वाजवणार नाही.

का? तर वादक एकदा वाजवतो, एकदा पैसे घेतो. पण ती रेकॉर्ड रेडिओवर आणि हॉटेलातल्या ज्यूकबॉक्सवर हजारो वेळा वाजते. आणि तीच रेकॉर्ड वाजते म्हणून हॉटेलवाला वादकांना बोलवत नाही. म्हणजे वादकानेच स्वतःचं काम घालवणारं मशीन तयार करून दिलं. आज एआयबद्दल व्हॉइस आर्टिस्ट जे बोलतात ना, अगदी तोच मुद्दा, ऐंशी वर्षांपूर्वीचा.

संप दोन वर्षांहून जास्त चालला. काही कंपन्या १९४३ मध्ये नमल्या, सगळ्यात मोठ्या दोन कंपन्या नोव्हेंबर १९४४ मध्ये. ठरलं असं, की विकल्या जाणाऱ्या रेकॉर्डमागे थोडी रक्कम एका निधीत जाईल आणि त्या निधीतून वादकांना पैसे देऊन लोकांसाठी मोफत कॉन्सर्ट होतील. पुढे १९४७ च्या एका कायद्यामुळे असा निधी युनियनच्या हातात ठेवता येईना. पुन्हा १९४८ मध्ये वर्षभर संप. शेवटी निधी स्वतंत्र विश्वस्ताकडे गेला. तो निधी आजही अमेरिका आणि कॅनडात चालू आहे. त्याच्या पैशातून होणाऱ्या कार्यक्रमाला तिकीट लावता येत नाही, ही अट आहे.

म्हणजे रेकॉर्डमुळे जे गेलं, त्यातलं थोडंसं रेकॉर्डच्याच पैशातून बागेत परत आलं.

पण बिग बँडचं काय झालं?

इथे गोष्ट जरा कडू होते. संपात वादक बंद होते, पण गायक युनियनमध्ये नव्हते. कंपन्यांनी गायकांना घेऊन, मागे नुसता कोरस ठेवून रेकॉर्ड काढल्या. लोकांना गायकाचं नाव पाठ झालं, बँडचं विसरलं. त्याच वेळी युद्ध. तरुण वादक सैन्यात गेले. पेट्रोल आणि टायर रेशनवर, मग बस करून गावोगाव फिरायचं कसं? १९४४ मध्ये नाचगाण्याच्या जागांवर सरकारने आधी ३० टक्के आणि मग २० टक्के कर बसवला. युद्ध संपलं तोवर सतरा माणसं पोसणं कोणालाच परवडेना. १९४६ च्या अखेरीस कितीतरी नावाजलेले बँड मोडले.

पेट्रिलो चुकला का मग? माझं मत सांगतो. संपाने बिग बँडला धक्का दिला हे खरं, पण एकट्या संपाने त्याला मारलं नाही. आणि त्या संपाने एक गोष्ट मिळवली जी टिकली: 'ऐकणाऱ्याला फुकट' आणि 'वाजवणाऱ्याला फुकट' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लिखित करारात आलं.

गणित बघा. चार जणांचा छोटा जॅझ ग्रुप क्लबला परवडतो. सतरा जणांचा बँड साठ खुर्च्यांच्या क्लबला रोज परवडूच शकत नाही. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या छोट्याशा क्लबमध्ये १९६६ पासून सोमवारी रात्री बिग बँड वाजतो. सोमवारीच का? कारण त्या रात्री वादकांना दुसरं काम नसायचं! म्हणून आज बिग बँड जास्त करून दोन ठिकाणी दिसतो. एक, कॉलेज-विद्यापीठांत. आणि दोन, उन्हाळ्यात बागेत, जिथे खर्च शहर किंवा एखादा निधी किंवा प्रायोजक उचलतो.

ड्यूक गेले, आणि दहा हजार लोक आले

२४ मे १९७४ ला ड्यूक एलिंग्टन गेले. पंचाहत्तर वर्षांचे होते. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांनी स्वतःचा बिग बँड चालवला. बाकीचे बँड मोडत होते तेव्हाही मोडला नाही. काही आठवड्यांतच शिकागोच्या वादकांनी ठरवलं, की यांना श्रद्धांजली वाजवूनच द्यायची. ग्रँट पार्कच्या स्टेजवर मोफत कॉन्सर्ट झाली. सुमारे दहा हजार लोक आले.

मग हे दरवर्षी व्हायला लागलं. पुढे सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या नावाने आणखी एक कार्यक्रम सुरू झाला. १९६९ पासून काम करणाऱ्या जॅझ इन्स्टिट्यूट ऑफ शिकागोच्याही मनात महोत्सव होता. १९७९ मध्ये शहराने हे सगळं एकत्र केलं आणि पहिला शिकागो जॅझ फेस्टिव्हल झाला. बरीच वर्षं तो ग्रँट पार्कमध्ये भरायचा. तिथल्या स्टेजचं नाव? पेट्रिलो म्युझिक शेल. आता तो शेजारच्या मिलेनियम पार्कमध्ये असतो.

आणि आपण?

आठवतायत ना टेडी वेदरफोर्ड, शिकागोच्या मूकपटांच्या थिएटरमधले पियानोवादक? ते १९२६ मध्येच आशियात निघून आले. शांघाय वगैरे करत मुंबईला पोचले, ताजमहाल हॉटेलात. त्याआधी १९३५ मध्ये लिऑन अॅबी यांचा अमेरिकन कृष्णवर्णीय बँड ताजमध्ये आला होता. वेदरफोर्ड पुढे कलकत्त्याला गेले आणि १९४५ मध्ये कॉलऱ्याने तिथेच वारले.

या लोकांना ऐकत, त्यांच्याबरोबर वाजवत गोव्याचे वादक तयार झाले. त्यांच्यातले बरेच जण चर्चमध्ये, पाद्रींकडून नोटेशन वाचायला शिकून आलेले. मिकी कोरिया यांनी ताजमध्ये वर्षानुवर्षं बँड चालवला. हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, यांना 'भारताचे लुई आर्मस्ट्राँग' म्हणायचे. आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्याबरोबर त्यांनी काम केलं. १९५१ चा 'अलबेला' बघा, पितळी वाद्यांचा तो झणका कुठून आलाय ते कळेल. चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड त्यात पडद्यावरही दिसतात.

पण हे झालं एखाद्याचं. बाकी कितीतरी गोवेकर वादक आणि अरेंजर आयुष्यभर स्टुडिओत वाजवत राहिले, रेकॉर्डिंगपुरते पैसे घेऊन घरी गेले. गाणं आजही रिंगटोनवर वाजतंय. पडद्यावर त्यांचं नाव नव्हतं. पेट्रिलो भांडत होता तो प्रश्न हाच होता.

आणि हा प्रश्न जुना झालेला नाही. माझ्या ओळखीतला एक मुलगा ट्रम्पेट वाजवतो. एका मोफत कार्यक्रमासाठी त्याला बोलावलं. मांडवाचे पैसे दिले, जनरेटरचे दिले, लाइटवाल्याचे दिले. याने मानधन विचारलं, तर उत्तर आलं, 'अरे, प्रवेश फ्री आहे ना! तुला स्टेज मिळतंय, अजून काय पाहिजे?' तो गेला, वाजवलं, आणि रिक्षाचे पैसेही स्वतःच्या खिशातून भरून घरी आला.

म्हणून पुढच्या वेळी बागेत, समुद्रकिनारी, सोसायटीत मोफत कार्यक्रम ऐकाल तेव्हा एकदा आयोजकांना विचारा, 'वादकांना किती देताय?' वाईट दिसत नाही. आणि तुम्हीच आयोजक असाल, कॉलेजच्या फेस्टचे वगैरे, तर बजेट लिहिताना ती ओळ सगळ्यात वर लिहा. मांडवाच्या वर.

जाता जाता: तीन मिनिटं ऐका

शिकागोला जायला लागणार नाही. फोनवर काउंट बेसी यांचं 'वन ओक्लॉक जंप' शोधा, १९३७ चं रेकॉर्डिंग. तीनच मिनिटांचं आहे.

सुरुवातीला एकटा पियानो आणि ताल विभाग. मग सॅक्सोफोनचा सोलो, मग ट्रॉम्बोन, पुन्हा सॅक्सोफोन, मग ट्रम्पेट. प्रत्येक जण बारा मात्रांच्या नव्हे, बारा 'बार'च्या एका फेरीत आपलं म्हणणं सांगून बसतो. एका बारमध्ये चार ठोके, बेसबरोबर चाललात की आपोआप मोजले जातात. सोलो चालू असताना मागचे काय वाजवतायत तिकडे मुद्दाम कान द्या. आणि शेवटी सगळे एकत्र येतात, सॅक्सोफोनचा एक रिफ, ट्रम्पेटचा दुसरा, ट्रॉम्बोनचा तिसरा, तिन्ही एकावर एक. टाळी वाजवायची झाली तर पहिल्या ठोक्यावर नको, दुसऱ्या आणि चौथ्यावर द्या. जमेपर्यंत थोडं हसू येईल. येऊ दे.

ऐकून झालं की कळवा, कुठला सोलो आवडला ते. आणि वाजवणाऱ्याचं नाव शोधून लिहा हं, नुसतं 'तो सॅक्सोफोनवाला' नको.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!